भाषा एक, देश वीस

माझ्या भाचीने यंदा शाळेत परदेशी भाषा म्हणून स्पॅनिश घेतलंय. गेल्या रविवारी नकाशा पुढ्यात घेऊन बसली होती. स्पॅनिश बोलणारे देश रंगवून आणा, असा गृहपाठ. रंगवता रंगवता पिवळा खडू निम्मा झाला आणि मग वर बघून म्हणाली, "मामा, भाषा एकच आहे तर देश वीस कशाला?"

मी म्हटलं, सांगतो. आणि मग लक्षात आलं की चहा संपेपर्यंत सांगून होणारी ही गोष्ट नाही. म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, सवडीने वाचा.

माझं या भाषेशी नातं काय ते आधी सांगतो. पुण्यात संध्याकाळच्या क्लासला स्पॅनिश शिकलो ते नोकरीत दोन पैसे जास्त मिळतात म्हणून. नंतर आठ वर्षं अशा टीममध्ये काढली जिचे अर्धे लोक बोगोता, लिमा आणि मोंतेर्रेईला बसायचे. त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. लोक मला अजून विचारतात, "स्पॅनिश येतं ना, मग स्पेनला कधी जाणार?" स्पेन मी पाहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्पॅनिशचा स्पेनशी फारसा संबंधही नाही.

हे नुसतं माझंच नाही. जगात स्पॅनिश मातृभाषा असलेले लोक आज सुमारे ५० कोटी आहेत. स्पेनची लोकसंख्या पाच कोटींच्याही आत. आपल्या २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारेच आठ कोटींच्या वर होते, त्या मानाने बघा. एकट्या मेक्सिकोत सुमारे १३ कोटी लोक राहतात. अमेरिकेत, म्हणजे युनायटेड स्टेट्समध्ये, घरात स्पॅनिश बोलणारे चार कोटींच्या वर आहेत. म्हणजे साधारण दहा स्पॅनिशभाषक एका रांगेत उभे केले तर त्यातला एखादाच स्पेनचा निघेल. ज्या घरातून भाषा निघाली ते घरच आता तिच्या बोलणाऱ्यांत अल्पसंख्य आहे.

देश मोजायचे तर वीस. युरोपात स्पेन. उत्तरेला मेक्सिको. मग त्या चिंचोळ्या पट्टीत ग्वातेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा, कोस्टा रिका, पनामा. समुद्रात क्युबा आणि डॉमिनिकन रिपब्लिक. खाली दक्षिण अमेरिकेत कोलंबिया, व्हेनेझुएला, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया, चिली, अर्जेंटिना, उरुग्वे, पराग्वे. आणि विसावा, जो भाचीच्या नकाशात राहून गेला होता, तो आफ्रिकेत: इक्वेटोरियल गिनी. १७७८ साली पोर्तुगालने आपल्या हक्काचा तो किनारा करार करून स्पेनला दिला आणि तो १९६८ पर्यंत स्पेनकडे राहिला. पोर्तो रिको मी धरलेलं नाही, कारण भाषा तीच असली तरी १८९८ पासून ते अमेरिकेच्या ताब्यात आहे. ब्राझीलही नाही. तिथे पोर्तुगीज. हे ब्राझील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता स्पॅनिश म्हणजे तरी काय? स्पेनमध्येच चार मोठ्या भाषा आहेत. बार्सिलोनाकडे कातालान, उत्तरेला बास्क, वायव्येला गालिसियन, आणि मधल्या कास्तिया या राज्याची कास्तेयानो. आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती ही कास्तेयानो. लिमाचे माझे सहकारी तिला 'एस्पान्योल' क्वचितच म्हणायचे. 'कास्तेयानो' म्हणायचे. फ्रँको या हुकूमशहाच्या काळात, १९३९ ते १९७५, बाकीच्या तिन्ही भाषा शाळा-कचेऱ्यांतून दाबून टाकल्या होत्या. १९७८ च्या राज्यघटनेने त्यांना आपापल्या प्रदेशात पुन्हा अधिकृत स्थान दिलं.

या कास्तेयानोचं नशीब उघडलं ते १४९२ साली. त्या एका वर्षात काय काय झालं बघा. जानेवारीत ग्रानादा पडलं आणि स्पेनमधली शेवटची मुस्लिम राजवट संपली. मार्चमध्ये ज्यूंनी एक तर धर्म बदलावा नाहीतर देश सोडावा असा हुकूम निघाला. ऑगस्टमध्ये कोलंबस निघाला. आणि त्याच ऑगस्टमध्ये आंतोनियो दे नेब्रिहा नावाच्या पंडिताने कास्तेयानोचं व्याकरण छापून राणी इसाबेलाला अर्पण केलं. राणीला प्रश्न पडला की जी भाषा मला येतेच तिच्या व्याकरणाचा उपयोग काय? नेब्रिहाने प्रस्तावनेत तो प्रसंग नोंदवलाय. उत्तराचा आशय असा, की उद्या महाराणी परक्या भाषेच्या लोकांना जिंकतील, त्यांना विजेत्याचे कायदे पाळावे लागतील, आणि कायद्याबरोबर भाषाही शिकावी लागेल. कोलंबसला तेव्हा जमीन दिसायची होती!

गंमत म्हणजे जी भाषा एवढ्या तोऱ्यात जग जिंकायला निघाली तिच्या पोटात आठशे वर्षांची अरबी होती. उशी, कापूस, तेल, साखर यांचे स्पॅनिश शब्द अरबीतून आलेत. त्यातले काही तर आपल्या ओळखीचे. साखरेला 'आसुकार' म्हणतात, ते अरबी 'सुक्कर'वरून, आणि ते फिरत फिरत आपल्या 'शर्करे'वरून. संत्र्याला 'नारांखा' म्हणतात. आपलं नारिंग. क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात हे कळलं तेव्हा मला उगाचच भाषा सोपी वाटायला लागली होती. क्रियापदं सुरू झाली आणि तो भ्रम गेला.

पुढची लढायांची हकिगत बऱ्याच जणांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. १५२१ मध्ये कोर्तेसने अॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान घेतली, आजची मेक्सिको सिटी तिच्यावरच उभी आहे. १५३२ मध्ये पिसारोने इंका राजा आताहुआल्पाला काहामार्का इथे पकडलं. दोन्हीकडे मूठभर स्पॅनिश, त्यांना मिळालेले स्थानिक शत्रुपक्ष, आणि सगळ्यात मोठा सेनापती म्हणजे देवी. तो रोग त्या खंडाला माहीतच नव्हता.

इथून आपली एक नेहमीची समजूत असते. राज्य आलं, मिशनरी आले, लोकांची भाषा गेली, स्पॅनिश आली. तसं झालं नाही. मलाही हे फार उशिरा कळलं.

पाद्र्यांचा हिशोब साधा होता. लाखो लोकांना स्पॅनिश शिकवण्यापेक्षा आपण शंभर जणांनी त्यांची भाषा शिकणं स्वस्त. म्हणून त्यांनी नाहुआत्लची, केचुआची व्याकरणं लिहिली, शब्दकोश केले. केचुआचं पहिलं छापील व्याकरण १५६० चं आहे. १५७० मध्ये दुसऱ्या फेलिपे राजाने मेक्सिकोतल्या मूळ लोकांसाठी नाहुआत्लला अधिकृत भाषा म्हणून मान्यताही दिली. हे विचित्र वाटत असेल तर गोव्याकडे बघा. राज्य पोर्तुगीजांचं, पण फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये क्रिस्तपुराण छापलं ते मराठीत, ओवीबद्ध, आणि कोकणीचं व्याकरणही त्यानेच लिहिलं. एकाच काळातलं, एकाच विचाराचं काम. त्या व्याकरणामागे प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही, काही पाद्री खरंच भाषेत रमले. पण धोरण म्हणून तो धर्मप्रसाराचा व्यवहार होता.

व्यवहार असल्यामुळेच तो उलटलाही. गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होरने फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. हा तोच व्हाइसरॉय ज्याला आदल्याच वर्षी संभाजीराजांनी पळता भुई थोडी केली होती. घाबरलेलं सरकार प्रजेच्या भाषेवर संशय घेतं. तिकडे स्पेनच्या तिसऱ्या कार्लोसने १७७० मध्ये तसाच हुकूम काढला, की अमेरिकेतल्या वेगवेगळ्या भाषा संपाव्यात आणि फक्त कास्तेयानो चालावी. पाठोपाठ १७८० मध्ये पेरूत दुसऱ्या तुपाक आमारुचं प्रचंड बंड झालं. १७८१ च्या मे महिन्यात कुस्कोच्या चौकात त्याला हालहाल करून मारलं, आणि त्याच शिक्षेच्या निकालपत्रात इंकांचे पोशाख, इंका राजांची चित्रं यांवर बंदी घालून केचुआही सोडायला लावली.

पण हुकूम वेगळा आणि अंमल वेगळा. स्पॅनिश सत्ता तीनशे वर्षांनी संपत आली तेव्हा मेक्सिकोची निम्म्याहून अधिक लोकसंख्या मूळ रहिवाशांची होती आणि त्यांच्यातले बहुतेक घरात आपापली भाषाच बोलत होते. अँडीजमध्ये केचुआ आणि आयमारा जोरात होत्या. राजाच्या हातून भाषा मेली नाही. मग कोणाच्या हातून? तिकडे येतो, पण आधी भाचीचा प्रश्न. देश वीस का?

राजाने एवढ्या मोठ्या मुलखाचे आधी दोन आणि शेवटी चार सुभे केले होते. मेक्सिको, पेरू, बोगोता, ब्वेनोस आयरेस. सुभ्यांच्या पोटात 'आउदियेन्सिया' होत्या, म्हणजे उच्च न्यायालय आणि कारभारी मंडळ एकत्र असं समजा. कीतोची एक, कराकसची एक, चिलीची एक, चार्कासची एक, ग्वातेमालाची एक. आता या नावांवरून आजचा नकाशा वाचा. कीतो म्हणजे इक्वेडोर, कराकस म्हणजे व्हेनेझुएला, चार्कास म्हणजे बोलिव्हिया, ग्वातेमाला म्हणजे मध्य अमेरिका. देश आकाशातून पडले नाहीत. ते कचेऱ्यांच्या हद्दींमधून उगवले.

आणि या कचेऱ्या एकमेकींशी नव्हे, थेट माद्रिदशी बांधलेल्या होत्या. व्यापार स्पेनच्या एकाच बंदरातून, आधी सेविया, १७१७ नंतर कादिस. ब्वेनोस आयरेस अटलांटिकच्या काठावर आहे, पण कितीतरी काळ तिथला कायदेशीर माल पनामा आणि लिमा असा अख्खा खंड ओलांडून यायचा. आमच्या गावाकडे हे लगेच कळतं. शेजारचं गाव टेकडीपलीकडे दिसतं, पण एसटी आधी तालुक्याला जाते, तिथे दुसरी गाडी धरायची आणि मग शेजारच्या गावाला. अशी गावं एकमेकांना सोयरीक देतात, पण त्यांचा बाजार एक होत नाही.

नोकऱ्यांचंही तसंच. स्पेनमध्ये जन्मलेल्याला वरची खुर्ची. अमेरिकेत जन्मलेला गोरा, ज्याला 'क्रियोयो' म्हणत, त्याला खालची, आणि तीही आपल्याच प्रांतात. बेनेडिक्ट अँडरसनने राष्ट्रवादावरच्या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकात आकडा दिलाय: १८१३ पर्यंतच्या १७० व्हाइसरॉयांमध्ये क्रियोयो फक्त चार. कराकसचा हुशार वकील कराकसमध्येच चढणार आणि कराकसमध्येच अडकणार. त्याच्यासारखेच अडकलेले इतर लोक त्याला तिथेच भेटणार. त्यांना मिळून 'आपण' कोण वाटेल? स्पॅनिश नक्कीच नाही. 'अमेरिकन' थोडंसं. कराकसकर मात्र पुरेपूर.

१८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनचा राजाच पकडून ठेवला आणि हा सगळा डोलारा हलला. राजा नाही तर हुकूम कोणाचा? शहराशहरांत मंडळं उभी राहिली. १६ सप्टेंबर १८१० ला मेक्सिकोत हिदाल्गो नावाच्या पाद्र्याने घंटा वाजवून बंड पुकारलं. दक्षिणेत एका टोकाने सिमोन बोलिव्हार, दुसऱ्या टोकाने सान मार्तिन. डिसेंबर १८२४ मध्ये आयाकुचोच्या लढाईत दक्षिण अमेरिकेतली स्पॅनिश सत्ता मोडली.

बोलिव्हारला एकच मोठं राष्ट्र हवं होतं. त्याने आजचे कोलंबिया, व्हेनेझुएला, इक्वेडोर, पनामा मिळून एक मोठा कोलंबिया उभा केला. १८२६ मध्ये सगळ्या नव्या देशांची परिषद पनामाला बोलावली. भाषा एक, धर्म एक, शत्रू एक, कायद्याचा वारसा एक. तरी १८३० येईपर्यंत त्याच्या डोळ्यांदेखत ते मोडलं, आणि त्याच डिसेंबरमध्ये सांता मार्ताला तो क्षयाने गेला. वय ४७. मध्य अमेरिकेतल्या पाच प्रांतांनीही संघराज्य करून पाहिलं, ते १८४० पर्यंतही धड टिकलं नाही. उरुग्वे १८२८ मध्ये अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या भांडणात मधली उशी म्हणून, ब्रिटिशांच्या मध्यस्थीने जन्मला. पनामा १९०३ मध्ये कालव्यासाठी अमेरिकेने कोलंबियातून सोडवून घेतला. सोडवून म्हणायचं की तोडून, ते तुम्ही कोलंबियन माणसाला विचारा. मी एकदा विचारलं होतं, अर्धा तास मीटिंग पुढे सरकली नाही.

आता ते ब्राझील. तिकडेही एवढाच अवाढव्य मुलूख, एवढीच विखुरलेली शहरं. पण नेपोलियन आला तेव्हा पोर्तुगालचा राजपरिवार पकडला गेला नाही, जहाजात बसून रिओला पळाला. राजधानीच ब्राझीलमध्ये आली. पुढे १८२२ मध्ये युवराजानेच स्वातंत्र्य जाहीर केलं आणि सिंहासन तसंच राहिलं. पोर्तुगीज बोलणारी अमेरिका एकच देश राहिली. भाषेने देश जोडला म्हणावं तर स्पॅनिशने का नाही जोडला? जोडलं ते सिंहासनाने, कचेरीने, आणि थोडं नशिबाने. आपण संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट ऐकत वाढलो, त्यामुळे भाषा म्हटली की सीमारेषा डोळ्यांपुढे येते. तिकडे सीमा आधी आल्या.

भाषेचं खरं काम सुरू झालं ते त्यानंतर.

नव्या प्रजासत्ताकांचे धनी कोण होते? तेच क्रियोयो. त्यांना स्पेनचा राजा नको होता, स्पेनची भाषा मात्र हवी होती. सगळ्यांना नागरिक करायचं म्हणजे सगळ्यांना एका भाषेत आणायचं, असं त्यांनी ठरवलं. राजाला प्रजा वेगवेगळ्या भाषांत चालत होती, कर मिळाला म्हणजे झालं. प्रजासत्ताकाला ते चालेना. शाळा स्पॅनिश, कोर्ट स्पॅनिश, लष्कर स्पॅनिश, सातबारा स्पॅनिश. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना आपली जमीन गेल्याचा कागदही वाचता येत नव्हता. अर्जेंटिनाने १८७८ नंतर दक्षिणेकडच्या मूळ लोकांवर लष्करी मोहीम काढली आणि शहरांत इटली-स्पेनहून आलेली माणसं भरली.

मेक्सिकोत १९१० च्या क्रांतीनंतर चांगल्या हेतूने हेच झालं. १९२१ मध्ये शिक्षण मंत्रालय स्थापन झालं, खेड्याखेड्यात शाळा निघाल्या, दिएगो रिव्हेरासारख्यांनी मंत्रालयाच्या भिंती चित्रांनी भरून टाकल्या. आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदरवाले क्रांतिकारक, याच काळात मेक्सिकोत होते. चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत होते, मक्यावर संशोधन करत होते, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेती शाळा काढत होते. रिव्हेराच्या एका भित्तिचित्रात ते दिसतात. त्या चळवळीबद्दल मला आदर आहे. पण त्याच काळातल्या सरकारी खेडेशाळांत मुलांना शिकवलं जात होतं ते स्पॅनिश, आणि घरची भाषा सोडणं हाच प्रगतीचा रस्ता समजला जात होता.

एल साल्वादोरमध्ये तर चांगल्या हेतूचाही प्रश्न नव्हता. १९३२ मध्ये कॉफीच्या मळ्यांवरच्या शेतकऱ्यांचा उठाव झाला. लष्कराने काही आठवड्यांत किती मारले याचे अंदाज दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत जातात. आदिवासी पोशाख, आदिवासी बोली म्हणजे बंडखोर, असा हिशोब. जे वाचले त्यांनी पोशाख टाकला, नावात बोलणं बंद केलं, पोरांना शिकवलं नाही. एक भाषा अशी दोन पिढ्यांत गप्प झाली.

उलट बाजूला फिलिपिन्स. १५६५ ते १८९८, म्हणजे ३३३ वर्षं तिथे स्पेनचं राज्य. धर्म रुजला, आडनावं रुजली, भाषा नाही रुजली. स्पेनहून तिकडे जाणारे मुळात फार थोडे, पाद्री स्थानिक भाषांतच काम करत राहिले. स्पॅनिश राहिली ती वरच्या वर्गाची. होसे रिसालने आपली कादंबरी स्पॅनिशमध्ये लिहिली, स्पेनने १८९६ मध्ये त्याला गोळ्या घातल्या, आणि आज बहुतेक फिलिपिनो त्याला भाषांतरात वाचतात. कारण स्पॅनिश शाळा घराघरात पोचायच्या आत अमेरिका आली आणि इंग्रजी शाळा घेऊन आली. राज्य किती वर्षं होतं त्यापेक्षा शाळा कोणाची होती यावर भाषेचं नशीब ठरलं.

या सगळ्यात एका माणसाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. आंद्रेस बेयो. कराकसचा, काही काळ बोलिव्हारचा शिक्षक, एकोणीस वर्षं लंडनमध्ये ओढगस्तीत काढलेली, मग चिलीत जाऊन तिथल्या विद्यापीठाचा पहिला कुलगुरू. त्याला एक भीती होती. रोम पडल्यावर लॅटिनचे तुकडे होऊन वेगवेगळ्या भाषा झाल्या, तसं आपलं होईल. देश तर फुटलेच, आता भाषाही फुटली तर चिलीचं पुस्तक मेक्सिकोत कोण वाचणार? म्हणून १८४७ मध्ये त्याने व्याकरण लिहिलं, आणि शीर्षकातच सांगितलं की हे अमेरिकेतल्या लोकांच्या वापरासाठी आहे. अमेरिकेत रूढ झालेलं रूप हे स्पेनच्या रूपाइतकंच शुद्ध, अशी त्याची भूमिका. नेब्रिहाचं व्याकरण राणीला अर्पण, बेयोचं शेजाऱ्यांना. आजही शब्दकोश एकट्या माद्रिदची अकादमी ठरवत नाही, २३ देश-प्रदेशांच्या अकादमी मिळून ठरवतात. मराठीचं प्रमाण रूप पुण्यात ठरतं की नागपुरात यावर आपण अजून भांडतोय, म्हणून मला याचं कौतुक.

भाषा फुटली नाही, पण रंग बदलले. 'ग्वाग्वा' म्हणजे क्युबात बस आणि चिलीत तान्हं बाळ. 'तोर्तिया' मागवलीत तर स्पेनमध्ये बटाटा घातलेलं जाडजूड ऑम्लेट येईल, मेक्सिकोत मक्याची भाकरी. अर्जेंटिनात 'तू'साठी शब्दच वेगळा. आणि बोगोताचे लोक जवळच्या मित्रालाही 'उस्तेद' म्हणतात, म्हणजे आपलं अहो-जाहो. पहिले सहा महिने मला वाटत होतं माझ्यावर सगळे रागावलेत.

आता लिमाच्या सहकाऱ्याबद्दल सांगतो, कारण भाचीला उत्तर देताना मला तोच आठवत होता. सुरुवातीला मी एकदा बोलण्याच्या ओघात "तुम्ही स्पॅनिश लोक" म्हणालो. तो हसला नाही. म्हणाला, "मी स्पॅनिश नाही. माझी आजी आयाकुचोच्या डोंगरातली, केचुआ बोलायची. आई लिमात कामाला आली आणि आम्हाला तिने एक शब्द शिकवला नाही. शाळेत पोरं हसतील म्हणून." आजी शेवटची आजारी होती तेव्हा ती फक्त केचुआत बोलत राहिली आणि नातवंडं आईकडे बघत राहिली, दुभाष्याकडे बघावं तशी.

आणि गंमत बघा, कागदावर १९७५ पासून केचुआ पेरूची अधिकृत भाषा आहे. बोलिव्हियाच्या २००९ च्या राज्यघटनेत स्पॅनिशसोबत ३६ भाषा अधिकृत आहेत. मेक्सिकोने २००३ च्या कायद्याने मूळ भाषांना राष्ट्रीय भाषा मानलं, त्या ६८ धरतात. २०२० च्या जनगणनेत तिथे या भाषा बोलणारे ७३ लाखांच्या आसपास निघाले, १३ कोटींत. मान मिळाला तो घरातून भाषा जाऊन झाल्यावर.

अपवाद एकच, पराग्वे. तिथे ग्वारानी ही मूळ लोकांची भाषा सगळ्यांची झाली, ज्यांच्या अंगात ते रक्त नाही त्यांचीही. बोलिव्हियाशी १९३२ ते १९३५ युद्ध झालं तेव्हा पराग्वेचं सैन्य निरोप ग्वारानीतून पाठवायचं, शत्रूला कळू नये म्हणून. १९९२ च्या राज्यघटनेत ती स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत झाली. चलनाचं नावही ग्वारानी. मोर्चात ग्वारानी, बाजारात ग्वारानी, शिव्या तर ग्वारानीच. एखादी भाषा फक्त दुबळ्यांची राहिली नाही तर ती टिकते, एवढंच मला त्यातून दिसतं. ते तिथेच का जमलं यावर इतिहासकारांचे वाद आहेत.

एकदा कॉलवर काम संपल्यावर आम्ही त्या लिमावाल्याशी जेवणाच्या गप्पा मारत होतो. मी म्हटलं, आज घरी बटाट्याची भाजी. तो म्हणाला, परत म्हण. मी म्हटलं, बटाटा. त्याने लगेच शोधाशोध केली. 'बटाटा' हा कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा शब्द. त्यांचा तो रताळ्यासाठी होता. कोलंबसच्या वाटेत पहिले आले ते हेच लोक. त्यांची भाषा केव्हाच संपली, शब्द पोर्तुगीजांच्या गलबतातून कोकण किनाऱ्यावर उतरला. स्पेनमध्ये म्हणतात 'पाताता', तो दोन शब्दांची खिचडी होऊन झालेला. आणि अख्ख्या स्पॅनिश अमेरिकेत म्हणतात 'पापा'.

"पापा कोणता शब्द आहे?" मी विचारलं.

"केचुआ," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "म्हणजे एक तरी शब्द आजीने शिकवला."